लाइन मोकळी करा

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता लांब पोचत नाही. एकच गोष्ट सांगेन, पण ती घरी घेऊन जा.

मी एक जुना मोडेम आहे. एका शिंप्याच्या घरात, टीव्हीशेजारच्या फळीवर माझी जागा होती. अंगावर चार हिरवे दिवे, पाठीमागे टेलिफोनची तार. मी संथ होतो, खोटं कशाला बोलू? एकाने सिनेमा लावला की दुसऱ्याच्या पडद्यावर नुसतं चाक फिरत राही. नातू मला ‘गोगलगाय’ म्हणे.

दर रविवारी परदेशातल्या लेकीचा कॉल येई. त्याआधी म्हातारे आप्पा शिलाई मशीनवरून उठत आणि हाळी देत, “लाइन मोकळी करा रे! ताईचा फोन यायचाय!” मग सगळे आपापलं बंद करत. हातात काही उरत नसे, म्हणून पलंगावर येऊन बसत. चित्र मध्येच अडके.

“आत्या, तुझं तोंड उघडंच राहिलंय!” नात खिदळे. चित्र हलेपर्यंत घर नुसतं हसत असे. देवाशपथ सांगतो, माझ्या संथपणाचं तेवढंच पुण्य.

मग नवी, वेगवान लाइन आली. माझी तार निघाली आणि मी फळीच्या मागच्या कडेला सरकलो. नव्या मोडेममध्ये खोट नाही. तो सगळ्यांना एकदम पुरतो. नातू एका खोलीत खेळतो, नात दुसऱ्या खोलीत गाणी ऐकते, मुलगा गॅलरीत ऑफिसशी बोलतो, सून स्वयंपाकघरात मालिका बघते. कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही.

आप्पा मात्र हाळी देतच राहिले.

“आप्पा, आता लाइन अडत नाही हो. बोला तुम्ही खुशाल,” सून आतूनच म्हणे.

एका रविवारी टॅबवरून ताईने विचारलं, “बाकीचे कुठायत?”

“आहेत की, घरातच.”

“बोलवा ना. सगळ्यांना एकत्र बघून किती दिवस झाले!”

आप्पांनी हाका मारल्या. कुणी आलं नाही. तेव्हा ते फळीपाशी आले आणि त्यांनी नव्या मोडेमची पिन उपटली.

धडाधड दारं उघडली.

“नेट गेलं?”

“अहो आप्पा, मीटिंग चालू होती माझी!”

चौघे चार दिशांनी बाहेर आले. आप्पांनी टॅब उंच धरला. “बघ गं, आले सगळे!”

ताईचं चित्र अर्ध्या हसण्यात थिजलं होतं. मग तेही गेलं. तीही त्याच लाइनवरून येत होती, हे आप्पांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मुलाने पिन खोचली. दिवे लागेपर्यंत सगळे उभेच राहिले. पलंग रिकामा होता. दिवे लागले, तसे जो तो आपल्या जागी गेला.

ताई परत आली. “कुणीच दिसत नाही, आप्पा.”

“आत्ता होते गं,” आप्पा म्हणाले. “सगळे होते.”

मला काही वाटलं नाही. माझ्यात वीज नाही. एवढंच, की टॅब धरलेला तो हात बराच वेळ खाली आला नाही.

मित्रांनो, वेगाला दोष देऊ नका. तुमच्या घरी लांबच्या माणसाचा फोन येईल, तेव्हा लाइन मोकळी करायची गरज नसेल. तरी उठा, जाऊन शेजारी बसा. आणि बसताना माझ्या आप्पांची आठवण ठेवा.