दालन चारमधली विधवा

दालन चारमधल्या त्या चित्राखाली संग्रहालयानं एवढंच लिहून ठेवलं होतं: 'एक प्रतिष्ठित स्त्री. तैलरंग. एकोणिसावं शतक.' बाकीचं सगळं गाइडबाईंचं. काळा झगा, हातात कागद, कागदावर झुकलेली नजर, घट्ट मिटलेले ओठ. एवढ्या पुराव्यावर गाइडबाईंनी एकवीस वर्षांपूर्वी निकाल देऊन टाकला होता की ही बाई विधवा आहे आणि नवरा गेल्याचं पत्र तिनं आत्ताच वाचलंय.

सुरुवातीला हे दोन मिनिटांत आटपायचं. मग तीन वर्षांपूर्वी गाइडबाईंचे यजमान गेले. पाचव्या दिवशी त्या कामावर हजर. कुणी विचारपूस करायला आलं की "गट थांबलाय" म्हणायच्या आणि चालू लागायच्या. दालन चारमधली दोन मिनिटं मात्र वाढत वाढत अकरावर गेली. चित्रातल्या बाईला आता झोप लागत नव्हती, आणि दोघांपुरता स्वयंपाक करायची सवय तिच्या हाताला सोडवत नव्हती. एवढ्या मोठ्या घरची बाई चुलीपाशी कशाला जाईल, हे कुणी विचारलं नाही. लोक डोळे पुसायचे. दालनाचा रखवालदार खिशात कागदी रुमाल बाळगू लागला. ती अकरा मिनिटं सोडली तर गाइडबाई यजमानांबद्दल कुठंही, कुणाशीही चकार शब्द बोलत नसत.

आणि मग संग्रहालयाला चित्र साफ करायची बुद्धी झाली. तज्ज्ञ आला, पडदा लावून तीन आठवडे कापसाचे बोळे फिरवत बसला. शेवटी त्यानं गाइडबाईंना आत बोलावलं.

"हे बघा. काळा रंग नव्हताच. दिव्यांची काजळी आणि जुनं वॉर्निश, बस."

झगा हिरवा होता. तोही साधासुधा नाही, पोपटी.

"आणि पत्र?"

त्यानं भिंग पुढं केलं. "पत्र कसलं, धुण्याची यादी आहे. चादरी आठ, मोजे चौदा. साहेबांचे सदरे दिले बारा, परत आले अकरा. म्हणून तोंड असं. घर हिच्या मुठीत आहे हे पाहुण्यांना कळावं, म्हणून यादी हातात दिली असणार."

गाइडबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चुकल्याचं वाईट वाटणं नंतरचं. एकवीस वर्षं जिच्यासाठी घसा कोरडा केला, तिचा नवरा चांगला ठणठणीत होता आणि रोज धुतलेला सदरा घालून हिंडत होता!

"काजळी थोडी परत नाही का लावता येणार?" त्यांनी विचारलं.

तज्ज्ञानं ते हसण्यावारी नेलं. गाइडबाई हसत नव्हत्या. उद्यापासून दालन चारमध्ये आपण काय बोलायचं, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंधराजणांचा गट आला. गाइडबाईंनी झगा सांगितला, यादी सांगितली, हरवलेला सदरा सांगितला. लोक हसले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण दालन पाचकडे जायला त्यांचा पाय उचलेना.

तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली. "अहो, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, ही विधवा आहे म्हणून? घरी जाऊन किती रडले मी! आज सुनेला मुद्दाम घेऊन आलेय ऐकायला."

"माझी चूक झाली," गाइडबाई म्हणाल्या. "हिचा नवरा जिवंत होता. गेला तो माझा."

कुठं बघावं ते पंधराजणांपैकी कुणालाच सुचेना, म्हणून सगळे चित्राकडे बघू लागले. रखवालदाराचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. म्हातारी तेवढी गाइडबाईंकडे बघत होती.

"कसे होते हो?" तिनं विचारलं.

हे तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे, विचारू दिलं नव्हतं.

"विसराळू," गाइडबाई म्हणाल्या. "बाहेर पडताना दार नीट लागलंय का म्हणून तीन-तीनदा ओढून बघायचे, आणि किल्ली आत. मग मला इथं फोन. मी चिडायची, गट अर्ध्यावर सोडून घरी पळायची. बघते तर हे पायरीवर बसून पेपर वाचतायत, वर मलाच विचारणार, 'आज लवकर सुटलीस?'"

त्या दालन पाचकडे वळल्या.

"तीन वर्षं झाली. आता मला पूर्ण गट करता येतो."