तापलेल्या गाडीचं दुखणं

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. मी एक जुना कार्बोरेटर आहे. बोलणं माझं बारीक, पण गोष्ट पोटातून सांगेन.

पेट्रोलमध्ये हवा कालवायची आणि तो घास मोटरसायकलच्या इंजिनला भरवायचा, एवढंच देवानं मला नेमून दिलेलं काम. आमची मालकीण सुईण. दूरदूरच्या घरी ती आमच्या जिवावर पोहोचायची. लोक आधी तिला हात जोडत, मग गाडीवरून हात फिरवत. मला धन्य वाटे.

पुढे गाडी तापली की रस्त्यातच बंद पडू लागली. सुईणबाईंचा धाकटा दीर मेकॅनिक. तो म्हणे, "वहिनी, कार्बोरेटरात कचरा अडकलाय." मग मला उतरवायचं, उघडायचं, माझ्या नाजूक छिद्रांत तार घालायची. मी परत जागेवर बसेपर्यंत इंजिन निवलेलं असे, गाडी सुरू होई. "बघा, म्हटलं नव्हतं?" मित्रांनो, मी स्वच्छच होतो हो. पण सांगणार कुणाला? तारेनं छिद्रं रुंदावत गेली आणि आळ माझ्या माथी पक्का बसला.

एका दुपारी चढावरच गाडी बंद पडली. वरच्या वस्तीत एक बाई सकाळपासून अडली होती. दीर मागेच बसला होता. उतरून त्यानं पाना काढला.

"तासाभरात करून देतो, वहिनी."

"तिच्याकडे तास नाही, भावजी."

"मग गाडीला काय कळा द्यायला सांगू?"

पाना माझ्या नटावर चढला. आता तास जाणार, एक जीव जाणार, आणि नाव माझं होणार. मी आतल्या आत देवाचा धावा केला.

सुईणबाईंनी त्याचा हात धरला. "ताप असतो तेव्हाच मोजायचा. उतरल्यावर मोजून काय कळणार? ही आत्ता तापलीय, आत्ताच बघा. आधी प्लग काढा."

कुरकुरत त्यानं ठिणगी पाडणारा तो प्लग काढला. पेट्रोलनं ओला. म्हणजे माझा घास पोहोचला होता. प्लग पुसून इंजिनच्या अंगाला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा मारली. नाहीच. मग त्यानं ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"ही तापली की मरतेय, वहिनी. आणि मी या बिचाऱ्याला सोलत बसलो."

ओलं फडकं पिळून त्यानं कॉइलवर धरलं. वेळ सरता सरेना. सुईणबाई पिशवी उचलून नामस्मरण करत पायीच निघाल्या, तेवढ्यात ठिणगी उडाली.

आम्ही पोहोचलो तेव्हा दारातल्या बायकांनी सरकून सुईणबाईंना वाट दिली. मी अंगणात तडतडत निवत राहिलो. आत कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बाळाचं क्षीण रडणं आलं.

नवी कॉइल बसली. माझी रुंदावलेली छिद्रं मात्र मिटणार कशी? त्यांतून जास्तीचं पेट्रोल जाऊन गाडी काळा धूर ओकू लागली, म्हणून मलाही काढलं. आता मी गॅरेजच्या खिडकीत असतो.

मित्रांनो, गाडी बंद पडली तर ती गरम असतानाच आधी ठिणगी बघा, मग आमच्यासारख्याला उघडा. आणि पाना हातात घ्याल तेव्हा, दाराकडे डोळे लावून पडलेल्या त्या बाईची आठवण ठेवा.