कादंबरीतल्या भावाचा दहावा

“कुणाला पटायचं न्हाई, पन सोनईकडच्या एका वस्तीवर कादंबरीतल्या मानसाचा दहावा घातलेला म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय,” म्हाताऱ्या गहिनीनाथनं ठोकून दिलं.

कांदे निवडणाऱ्या बाया हसल्या. त्याची बायको गोजरबाई तेवढी हसली नाही.

रोज दुपारी तो या बायांना एक रहस्यमय कादंबरी वाचून दाखवायचा. तिच्यातला थोरला भाऊ बहिणीच्या गावाला निघाला आणि वाटेतच बेपत्ता झाला. हा भाऊ येताना पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणायचा, अगदी गोजरबाईच्या वारलेल्या दादासारखाच. तो बेपत्ता झाल्यापासून, म्हणजे कालपासून, तिनं भाकरीला हात लावला नव्हता. शेवटच्या पानावर त्याचं प्रेत विहिरीत सापडतं, हे गहिनीनाथनं गुपचूप वाचून ठेवलं होतं. पण ते तिला सांगायचा त्याला धीर होईना.

“मंग? शिवला का कावळा?” एकीनं विचारलं.

“कुठला शिवतोय! शंभरभर जमले, पिंडाभवती नुसते बसून राह्यले. शेवटी एक म्हातारा डोमकावळा बोलला, ‘येड्यांनो, मानूस जित्ता हाय, आमी शिवायचं कसं?’ मंग ह्याच कादंबरीचं शेवटचं पान उघडलं, तर भाऊ बहिणीच्या दारात उभा!” त्यानं हळूच गोजरबाईकडं बघितलं. “आता तरी जेव.”

“लबाड बोलू नका,” गोजरबाई म्हणाली. “सकाळीच नातीकडून शेवटचं पान वाचून घेतलंय म्या. दादा हिरीतच हाय.”