ही कुणी मोकळी करायची?

नवऱ्याने सी या संगणकभाषेत प्रोग्रॅमचा एक भाग, म्हणजे मॉड्यूल, लिहायचं आणि बायकोने ते पायथन या दुसऱ्या भाषेला जोडायचं, अशी त्या दोघांची वाटणी होती. टेबल एकच, खुर्च्या समोरासमोर आणि भांडण रोजचंच. संगणकाच्या मेमरीत धरून ठेवलेली वस्तू काम झालं की एकानेच मोकळी करायची असते. दोघांनी केली, की प्रोग्रॅम तोंडावर आपटलाच म्हणून समजा.

“ही तू मोकळी करतेस की मी?”

“तूच कर बाबा! काल दोघांनी केली आणि सगळं आडवं झालं.”

तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मॉड्यूल मात्र अजून ठणठणीत होतं. आज ऑफिसातली नवी सहकारीण ते तपासत होती.

“मॅडम, ही एक वस्तू कुणीच मोकळी केलेली नाही. दर वेळी थोडी मेमरी अडकून राहते.”

बायकोने वाकून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहिले होते! एका ओळीचं तर काम. तिने ती ओळ लिहिली, आणि सवयीने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारलं,

“तू नाही ना केलीस?”