बॉनेटखालचं पिवळं फडकं

मी इंजिनाची ब्रीदर नळी बोलतेय. काळी, रबरी, अंगठ्याएवढी जाड. आधीच सांगून टाकते, मी भयंकर भित्री आहे. तुम्ही म्हणाल, नळीला कसली आलीय भीती? एकदा तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर बसून बघा, मग बोलू.

इंजिनात पेट्रोलचे स्फोट होत असतात. त्यातला सगळाच धूर सायलेन्सरमधून जात नाही बरं का. थोडा वायू पिस्टनच्या कडेने निसटून खाली तेलाच्या पेटीत उतरतो. तो तिथे साठत गेला तर पेटीचं पोट फुगतं. म्हणून त्याला बाहेर पडायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे मी. तुम्हाला जसं नाक, तशी इंजिनाला मी.

माझी कहाणी अंबडच्या किशोरच्या गॅरेजात सुरू झाली. त्याआधी मी दुकानात वेटोळं होऊन पडले होते, तेव्हा कसलीच भीती नव्हती. मग गंगापूर रोडचा शौनक आपली छोटी गाडी घेऊन आला. त्याला तिच्यात टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवून हवा होता. किशोरने मला मापाने कापलं, एक टोक इंजिनावर बसवलं, दुसरं एका डबीत खोचलं. वायूबरोबर आलेले तेलाचे थेंब डबीत राहायचे आणि वायू डबीच्या तोंडातून बाहेर. कचरा आत जाऊ नये म्हणून त्या तोंडावर छोटी जाळी.

गाडी हळू चालते तेव्हा इंजिन हवा आत ओढतं. त्या ओढीने पेटीतला वायूही एका छोट्या व्हॉल्व्हमधून खेचला जातो आणि जळून जातो. तेव्हा मला आराम. पण जोर दिला की टर्बो हवा कोंबायला लागतो, तो व्हॉल्व्ह पटकन मिटतो आणि सगळा भार माझ्या एकटीवर येतो.

"शौनकभाऊ, गाडी पाहिजे तेवढी पळवा," किशोर म्हणाला, "पण हिचं तोंड कधी बंद होऊ देऊ नका. श्वास आहे हा इंजिनाचा."

"हो रे, कळतं मला," शौनक म्हणाला. माणसं हे वाक्य फार लवकर म्हणतात.

तशी त्याने मला जपलं. त्याची बायको स्वानंदी गाडीला थट्टेने सवत म्हणायची. तिला सातवा महिना लागला, तेव्हा त्याची आई उज्वलाताई म्हणाल्या, "दसऱ्याला चांदवडला जाऊन देवीची ओटी भरून येऊ." म्हणून खंडेनवमीला शौनकने बॉनेट उघडून इंजिन धुवायला घेतलं. जाळी काढून रॉकेलने साफ केली आणि गॅलरीत वाळत ठेवली. डबीत पाणी जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात पिवळं फडकं कोंबलं. अगदी घट्ट! धुणं झालं, आणि तो झेंडूची फुलं आणायला गेला.

तेवढ्यात उज्वलाताई पूजेचं ताट घेऊन खाली आल्या. इंजिनाला हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग त्यांना फडक्याचं टोक दिसलं.

"आई, हे काय लावलंय ह्याने?" स्वानंदीने विचारलं.

"पूजेसाठीच बांधलं असेल. बघ, कधी नव्हे ते पोराला सुचलं!" उज्वलाताई कौतुकाने म्हणाल्या, आणि त्या फडक्यालाही कुंकवाचं बोट लावलं.

अहो, मी आतून ओरडत होते! पण नळीचं ओरडणं ऐकतंय कोण? बॉनेट धाडकन बंद झालं.

शौनक परत आला. "आई, बॉनेट लावलंस? मला जरा..."

"पूजा झालीय. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. पूजलेली वस्तू हलवत नसतात."

त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची एकच घाई. ओटीचं सामान, नारळ, स्वानंदीची उशी. जाळी गॅलरीतच राहिली.

पिंपळगावपर्यंत गर्दी होती, गाडी हळू चालली, म्हणून निभावलं. पण टोलनाका ओलांडला, रस्ता मोकळा झाला आणि शौनकने पाय दाबला. टर्बोने शीळ घातली. तो छोटा व्हॉल्व्ह मिटला. वायू माझ्याकडे धावत आला, डबीत शिरला, फडक्यावर आपटला आणि उलटा फिरला.

देवा रे! माझं अंग टरारून फुगलं. खाली पेटीत तेल खदखदत होतं. तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून वर सरकली आणि तिथून तेलाचे थेंब उडायला लागले. टर्बो माझ्यापासून हातभर अंतरावर, तापून लाल झालेला. माझ्या अंगावर त्याच बाजूला उष्णतेने एक चीर पडलेली होती. तिथून फाटले असते, तर तेलाचा फवारा थेट टर्बोवर. मग आग. आणि आत ती पोटुशी पोरगी. ती तेव्हा हसत म्हणत होती, "हळू रे, आतला घाबरेल."

मी घाबरले होते, पण कोणाला सांगू? चीर रुंदावत होती. माझं डबीतलं टोक मात्र बॅटरीच्या बाजूला, टर्बोपासून लांब होतं, आणि धुताना तिथला मला आवळून धरणारा क्लिप जरा सैल झाला होता. मी सगळा जीव त्या टोकाशी आणला. फाटायचं नाही, सुटायचं. नुसतं सुटायचं!

फट्ट!

सुटले. कोंडलेला वायू फुसकन बाहेर पडला. तेल मोजायच्या पट्टीपाशी उडालेलं तेल जळून पांढरा धूर झाला, तेवढ्यावर भागलं. शेजारून जाणारा कांद्याचा टेम्पोवाला ओरडला, "ओ दादा, थांबवा! लय धूर निघून राह्यला!"

शौनकने गाडी बाजूला घेतली आणि आधी दोघींना उतरवून लांब नेलं. धूर विरल्यावर बॉनेट उघडलं. तेलाने भिजलेलं फडकं समोर, त्यावर कुंकवाचा डाग.

"अरे, ह्याला तर मी कुंकू लावलं," उज्वलाताई पुटपुटल्या.

"मीच कोंबलं होतं गं. मीच विसरलो." स्वानंदी पोटावर हात ठेवून खाली बसली होती आणि उज्वलाताईंनी तिला गच्च धरलं होतं. ओटीतला नारळ गाडीतच गडगडून पडला होता.

आता मी किशोरच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली असते. चिरलेली नळी कोण वापरणार? नवीन गिऱ्हाईक आलं की किशोर मला दाखवून गोष्ट सांगतो. मला आजही बॉनेट बंद झाल्याचा आवाज सोसवत नाही. तुम्ही पूजा करा, फुलं वाहा, पण त्याआधी तोंड मोकळं आहे ना, एवढं बघत जा हो.

परवा शौनकची गाडी सर्व्हिसिंगला आली. उज्वलाताईंच्या खांद्यावर नात झोपली होती. त्यांनी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघितला, तान्ह्या बाळाचा बघतात तसा. मग बाळाला शौनककडे दिलं आणि किशोरला जाळी काढायला लावली, इंजिन चालू करायला लावलं. डबीच्या तोंडापुढे त्यांनी तळहात धरला. किती तरी वेळ धरला.

"चालू आहे," त्या म्हणाल्या.

मग पर्समधून कुंकवाची डबी काढली. मला वाटलं, नव्या नळीला लावतील. त्या माझ्या खिळ्यापाशी आल्या. आणि कुंकवाचं बोट त्यांनी माझ्या चिरेवर टेकवलं.