व्यंकटीच्या उजव्या पायाचा बूट

मित्रांनो, फळीवरच्या माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना, सुरकुतलेला फुटबॉलचा बूट आहे; तोही एकटाच, उजव्या पायाचा. पण मी एका पगारी खेळाडूच्या पायात होतो बरं का! आणि माझ्यावर जो आळ आला, तो ऐकलात तर तुम्हीही तोंडात बोटं घालाल. मला तर अजून तो दिवस खरा वाटत नाही.

हैदराबादेतल्या एका बुढ्या उस्तादानं मला जाड कातड्यातून शिवलं. माती घट्ट धरावी म्हणून तळाला चामड्याचे स्टड ठोकले. रेणापूरच्या व्यंकटीनं मला विकत घेतलं आणि मी हैदराबादेतल्याच एका क्लबाच्या मैदानावर उतरलो. व्यंकटी बॅक खेळायचा. बॅक म्हणजे गोलापुढं उभा राहून समोरच्याला अडवणारा गडी. किती चेंडू मी अगदी रेषेवरून माघारी धाडले! पण हार पडायचे ते गोल मारणाऱ्याच्या गळ्यात. माझा नुसता जळफळाट व्हायचा. व्यंकटी मात्र माझी नाडी सोडता सोडता हसायचा आणि म्हणायचा, "आपल्यावर गोल झाला न्हाई ना? बस झालं."

तरी जाणत्यांचं लक्ष होतं. कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबानं त्याला बोलावणं धाडलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते दार उघडलं होतं. निघण्याआधी गावात एक सामना खेळायचा, एवढंच उरलं होतं.

त्या काळात लातूर नवा नवा जिल्हा झाला होता. जो तो छाती फुगवून 'आमचा जिल्हा' म्हणायचा. जिल्ह्याचा संघ उभा राहिला आणि नांदेडच्या संघाशी त्याचा सामना रेणापुरात ठरला. पण ते वर्ष दुष्काळाचं होतं. विहिरींनी तळ गाठला होता आणि बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या. काळ्या मातीच्या मैदानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

सामन्याच्या सकाळी व्यंकटीनं मला गोलाच्या खांबाला टांगलं आणि तो पाहुण्या संघाला आणायला गेला. तेवढ्यात त्याची आई सरजाबाई गल्लीतल्या बायांना घेऊन आली. कुणाच्या डोक्यावर शेणाची पाटी, कुणाच्या कडेवर घागर.

"माझं लेकरू हितं उभं ऱ्हानार, अन् हितंच भेगा?" सरजाबाई म्हणाली. "अंगणात ऱ्हाऊ देतो का आपुन?"

शेजारची गुरम्मा चपापली. "अगं, प्यायला पानी न्हाई, अन् हे काय करून राहिली?"

"एक दिस कमी पिल्यानं मरत न्हाई मी. वत!"

आणि त्या माउल्यांनी गोलापुढची जमीन घरासारखी सारवून काढली. शेणकाला ओतला, हातानं गुळगुळीत केला, कोपऱ्यात रांगोळीसुद्धा घातली. व्यंकटी परत आला आणि बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझंही कातडं मऊ पडलं.

दुपार टळली तोवर सारवण वाळून खडखडीत झालं होतं. सामना रंगला. नांदेडचा एक चपळ गडी चेंडू घेऊन सुसाट आला. व्यंकटीनं त्याला अडवायला उजवा पाय रोवला, आणि माझ्याखालची जमीनच गेली! सारवणाचा पापुद्रा फुटला, मी घोट्यापर्यंत भेगेत घुसलो, आणि व्यंकटीचं सगळं अंग त्या पायावर पिळवटलं. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यात आधी मी ऐकला. मित्रांनो, तो आवाज अजून माझ्यात आहे.

सरजाबाई पदर सावरत धावत आली. "काय झालं रे लेकरा?"

व्यंकटीनं त्या फुटलेल्या सारवणाकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं. आणि हातानं भेगेवर माती लोटत तो म्हणाला, "काई न्हाई, माय. बुटानं दगा देला."

मी हादरलो! दगा? मी? माझा एकही स्टड हलला नव्हता! पण बुटाचं कोण ऐकतो? सगळ्या गावानं मला शिव्या घातल्या. माझा जोडीदार डावा बूट त्या गोंधळात कुठं गेला, कुणास ठाऊक. कलकत्त्याची गाडी व्यंकटीशिवाय गेली. पाय जुळला तो वाकडाच. पुढं तो एस.टी. डेपोत नोकरीला लागला, आणि मी बुद्धाच्या तसबिरीखालच्या या फळीवर आलो.

वर्षानुवर्षं मी रागानं धुमसत होतो. एकच गोष्ट कळत नव्हती. सरजाबाई मला अधूनमधून खाली काढायची आणि पदरानं पुसून करडीचं तेल लावायची. दगाबाजाचे असे लाड कुणी करतं का?

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. सरजाबाई आता फार थकली आहे. तेल लावता लावता ती मला हळूच म्हणाली, "त्वा कशाचा दगा देतूस रे? त्या दिशी तुझ्या तळाचं शेण मीच धुतलं. माझ्याच हातचं व्हतं ते. पर व्यंकटीला कळू देऊ नगस. मला ठावं न्हाई, असं वाटतंय त्याला."

मी सुन्न झालो. एवढी वर्षं! इतक्यात दारात व्यंकटीचं लंगडं पाऊल वाजलं.

"त्या दगाबाजाला अजून तेल लावून राहिली का, माय?"

"हाव," ती डोळे पुसत म्हणाली. "जुनं हाय. ऱ्हाऊ दे."

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी जरा थांबा, तिला मायेनं पुसा. आणि मला तर मुळीच भंगारात देऊ नका. माझा राग केव्हाच गेला. मीच नसलो, तर या दोघांनी दोष द्यायचा कुणाला?