डाव्या पायाची खूण

"नंबर!" फोनमधला आवाज गरजला.

हवालदार खुर्चीतून उठले, टाचा जुळवल्या आणि आपला सैनिकी नंबर खणखणीत सांगून मोकळे झाले. निवृत्तीला पंचवीस वर्षं झाली होती. पायांना कोणी कळवलं नव्हतं. आवाज विचारत गेला, हे सांगत गेले. आईचं नाव, भरतीची तारीख, पहिली पलटण. शेवटी मोबाइलवर आलेला आकडासुद्धा. "शाबास," आवाज म्हणाला. त्या शाबासकीवर हवालदार दोन दिवस खूश होते.

तिसऱ्या दिवशी माजी सैनिकांच्या दवाखान्यात बायकोच्या हृदयाच्या गोळ्या मिळाल्या नाहीत. कार्ड चालेना. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी संगणकाचा पडदा यांच्याकडे वळवला. त्यावर कोरीव मिशीचा, चाळिशीतला एक गृहस्थ होता.

"हा कोण?"

"तुम्ही."

"ताई, मी इथे उभा आहे."

"ते दिसतंय हो, काका. पण इथे हे आहेत. वय बहात्तर. सोमवारीच फोटो, पत्ता, फोन, सगळं बदललंय."

बायकोने त्यांचा कोपर धरला. "अहो, गोळ्या उद्यापुरत्याच आहेत."

हवालदारांच्या पाठीवरून घाम ओघळला. लढाईत शत्रू निदान समोर असायचा. हा तर त्यांचं नाव लावून कुठेतरी मजेत चहा पीत बसला होता, आणि हिच्या गोळ्या त्याच्या हातात होत्या.

"खात्री करून घेऊ," बाई म्हणाल्या. "आईचं नाव? भरतीची तारीख? पहिली पलटण?"

त्यांनी सांगितलं. परवा फोनवर एकाला हेच सांगितल्याचंही सांगितलं. आवाज मात्र खणखणीत नव्हता.

"बरोबर. त्यांनीही हेच सांगितलं."

"मग आता मी कोण?"

"त्यासाठी अर्ज आहे. पण तो तुमच्या नंबरावर भरतात, आणि नंबर सध्या त्यांच्याकडे आहे."

हे बोलून बाईंनाच कसंसं झालं असावं. त्या उठल्या आणि आतून जुनी कागदी फाइल घेऊन आल्या. "इथे ओळखीची खूण लिहिलीय. फोनवर ही विचारली होती?"

हवालदार कानापर्यंत लाल झाले. "नाही. ती कोणी विचारत नाही."

घरात ते बाराही महिने मोजे घालत. मुलांना वाटे, बाबांना थंडी फार. ते बाकावर बसले, पण वाकणं जमेना. बायको खाली बसून बुटाची नाडी सोडू लागली.

"अगं, राहू दे. लोक बघतायत."

"गप्प बसा. जन्मभर वाटेल त्याचे हुकूम ऐकलेत, आज माझा ऐका."

तिने मोजा काढला. मागची रांग पुढे झुकली. बाईंनी फाइल पाहिली, पाय पाहिला, पुन्हा फाइल पाहिली.

"डावा पाय, दोन बोटं नाहीत. बर्फात गेलेली. जुळतंय." त्यांनी त्या मिशीवाल्याचं कार्ड बंद केलं आणि महिनाभराच्या गोळ्यांची चिठ्ठी हाताने लिहून दिली.

संध्याकाळी घरी फोन वाजला. कार्ड बंद पडल्याचं पलीकडेही कळलं होतं.

"नंबर!"

हवालदार उठले. टाचा जुळल्या. एका पायात मोजा होता, दुसरा उघडा.

"नंबर सांग!"

बायको गोळ्यांची पुडी छातीशी धरून दारात उभी होती. पलीकडचा आवाज दमून बंद होईपर्यंत हवालदार तसेच, तोंड मिटून, सावधान उभे राहिले.